नरसिंगचा पहिला हंगाम

नांदेड, वजिराबाद
१० सप्टेंबर १९८२

प्रिय जगदेवी,

अक्षर ओळखलंस का? मी शिवकन्या. विद्यापीठाच्या संघात तुझ्या डाव्या हाताला खेळायची ती. सोळा वर्षांत माझी तुला दोन पत्रं आणि तुझं मला एक, उमादेवीच्या बारशाचं. ते अजून माझ्याकडे आहे. त्यात तू लिहिलं होतंस की सासरच्या गच्चीवरून शाळेचं मैदान दिसतं आणि तिथं बास्केटबॉलच्या रिंगा आहेत. त्या ओळीच्या भरवशावर आज लिहायला बसले.

मी अजून त्याच मुलींच्या हायस्कुलात खेळाची बाई आहे. लग्न केलं नाही, ते तुझ्या कानावर आलंच असेल. देगलूरला आई गेली तेव्हा माझा धाकटा भाऊ नरसिंग चार वर्षांचा होता. पुढं वडीलही गेले, आणि मी त्याला नांदेडला घेऊन आले. शाळा सुटल्यावर माझ्या मुलींच्या सरावात त्याला उभं करायची. तिथंच तो खेळायला शिकला. आता एकवीस वर्षांचा आहे, सहा फूट एक इंच.

गेल्या महिन्यात तुमचा लातूर जिल्हा झाला. नव्या कचेरीत तात्पुरते कारकून घेऊन राहिले म्हणून तो तिकडं गेला. तुमच्या जिल्ह्याचा पहिलावहिला संघ बांधायचं चाललंय, त्यातही त्याला घेतलंय असं कळलं. कचेरीच्या पत्त्यावर मी दोन पत्रं टाकली. उत्तर नाही. कामात असेल.

माझं एवढंच काम कर. संध्याकाळी गच्चीवर गेलीस की त्याचा खेळ बघ, आणि काय दिसतं ते मला लिही. मैत्रीण म्हणून गोड लिहू नकोस. आपण दोघी मॅच झाल्यावर एकमेकींच्या चुका सांगायचो तसं लिही. त्याला मात्र यातलं काही कळू देऊ नकोस.

इकडं पावसानं पाठ फिरवली ती फिरवलीच. तुमच्याकडं काय आहे?

तुझी,
शिवकन्या


लातूर
२७ सप्टेंबर १९८२

शिवकन्या, सासरच्या रीतीनं शरणार्थी, म्हणजे नमस्कार.

तुझं पत्र दुकानाच्या टपालात आलं. आमच्या मालकांनी, उमादेवीच्या वडलांनी, आणून दिलं आणि विचारलं, कुणाचं? मी म्हणाले, कॉलेजातल्या मैत्रिणीचं. ते म्हणाले, "तुला मैत्रिणी होत्या?" थट्टेनं म्हणाले, माणूस वाईट नाही. पण मी ते पत्र दुपारभर पदरात धरून फिरले.

इकडं पाण्याचे हाल आहेत. नळ पाचव्या दिवशी येतो. आमचं भांड्यांचं दुकान, त्यामुळं घागरी आणि पिंपं घ्यायला माणसांची रांग लागते, आणि आमच्याच घरात पिंपं रिकामी. टाकीत किती उरलंय ते बघायला मी दिवसातून तीनदा गच्चीवर जाते. म्हणून तुझं काम मला जड नाही. लक्ष्मम्मा, म्हणजे माझ्या सासूबाई, खालून हाक मारतात, "जगदेवी, किती हाय?" मी सांगते, "दोन बोटं," आणि मैदानाकडं बघत उभी राहते.

चार संध्याकाळी पाहून लिहिते. कोणता नरसिंग ते विचारावं लागलं नाही. बॉल झेलताना कोपर आत घेतो, अगदी तुझ्यासारखा. उडी चांगली आहे. पण दोन गोष्टी खटकल्या. एक म्हणजे, शॉट घेत नाही. रिंगखाली मोकळा सापडतो, बॉल हातात असतो, आणि तो थांबतो. तेवढ्यात समोरचा अंगावर येतो, मग हा कुणाला तरी पास देऊन टाकतो. दुसरं, पळण्यात ढिला आहे. बाकीची पोरं पुढं येऊन उभी राहतात, हा सगळ्यांच्या शेवटी येतो.

आणि एक गोष्ट खेळाची नव्हे, तरी लिहिते. बाकीची सगळी इथल्या एकाच कॉलेजातली आहेत. सराव संपला की घोळक्यानं जातात. तो खांबाला टेकून बुटाची नाडी सोडत बसतो. सगळे गेल्यावर उठतो.

गोड लिहू नको म्हणालीस, म्हणून असं लिहिलं.

जगदेवी


नांदेड
८ ऑक्टोबर १९८२

प्रिय जगदेवी,

तुझी नजर तशीच आहे. मी हेच म्हणत होते. शॉट घ्यायला भितो आणि पायांचा आळशी आहे. बारा वर्षं सांगून मी थकले. लोकांना त्याची उंची दिसते आणि वाटतं, मोठा खेळाडू आहे. आत काय आहे ते तुझ्यामाझ्यासारखीलाच कळतं.

आता मॅच होतील तेव्हा जरा बारकाईनं बघशील का? किती वेळा बॉल हातात आला, किती वेळा शॉट घेतला, किती गेले. मला आकडे हवेत.

इकडं गोदावरीत मधोमध वाळूचा पट्टा वर आलाय. विष्णुपुरीला धरणाचं काम चालू आहे तिथपर्यंत शाळेच्या मुलींना चालत नेलं होतं. एकीनं विचारलं, "बाई, धरण झाल्यावर त्यात पाणी कुठून आणणार?" मी तिला रांगेत चालायला सांगितलं.

तो एकटा बसतो ते वाचलं. घरीही तो तसाच होता. जेवायला कोण घालतं त्याला, कळलं तर लिही.

शिवकन्या


लातूर
२१ नोव्हेंबर १९८२

शिवकन्या,

दिवाळी झाली. तुला फराळाचं पाठवायचं मनात होतं, पण इकडून कुणी जाणारं मिळालं नाही.

परवा मॅच झाली, उस्मानाबादशी. कालपर्यंत आम्ही त्यांच्याच जिल्ह्यात होतो, त्यामुळं गाव लोटलं होतं. झाडावर माणसं, भिंतीवर माणसं. मैदान मुरमाचं. एरवी आदल्या दिवशी पाणी शिंपडून रोलर फिरवतात. या वर्षी शिंपडायला पाणी कुठलं? धुळीत एकेकदा बॉलसुद्धा दिसेना.

आपण हरलो, अठ्ठावन्न एक्केचाळीस. नरसिंगचे चार गुण. तू आकडे मागितलेस ते असे. पहिल्या अर्ध्या खेळात रिंगजवळ अकरा वेळा बॉल त्याच्या हातात आला. शॉट तीन. त्यातला एक गेला. नऊ वेळा तरी तो आधी थांबला. कॅप्टन रामकिशन त्याच्यावर ओरडला, "ए नांदेडकर, फोटो काढून राहिलास का?" सगळं मैदान हसलं. तेव्हापासून इथली पोरं त्याला रस्त्यात "फोटो" म्हणून हाक मारतात, असं उमादेवी सांगत होती. दुसऱ्या अर्ध्यातही तसाच खेळला. पेपरात दोन ओळी आल्या, 'नांदेडहून आणलेल्या खेळाडूने निराशा केली.'

जेवणाचं विचारलंस. बसस्टँडजवळच्या खानावळीत जेवतो. तीन कारकुनांत मिळून एक खोली आहे. वाळलाय.

खरं सांगू का? ही मॅच बघताना मला त्याचा राग आला. एवढी उंची, एवढे हात, मैदानात उतरायला कुणाची परवानगी नको, आणि हा नुसता उभा राहतो. मग वाटलं, आपला राग त्याच्यावरचा आहे की कशावरचा?

जगदेवी


नांदेड
२ डिसेंबर १९८२

जगदेवी,

तुझ्यापासून एक गोष्ट लपवली होती. आता लिहिते, कारण तुझं मागचं पत्र वाचून मला बरं वाटलं आणि मग त्या बरं वाटण्याची भीती वाटली.

नरसिंग नोकरीसाठी गेला नाही. माझ्यामुळं गेला.

जुलैत नांदेड जिल्ह्याच्या संघाची निवड झाली. निवड समितीत आम्ही तिघं होतो, त्यात मी एक. अकरा नावांवर कुणाचं दुमत नव्हतं. बाराव्या जागेसाठी दोघं उरले, नरसिंग आणि किनवटकडचा एक मुलगा. बाकीचे दोघं म्हणाले, नरसिंगला घेऊ, उंची कामाला येईल. मी म्हणाले, नको. कारण विचारलं तेव्हा म्हणाले, शॉट घ्यायला घाबरतो. ते कागदावर लिहिलं आणि खाली सही केली. बहीणच नको म्हणते म्हटल्यावर पुढं कोण बोलणार?

दुसऱ्या दिवशी यादी नोटीस बोर्डावर लागली. समितीचा शेराही त्याच्या मित्रांनी कुठून तरी मिळवला आणि त्याला दाखवला. तो घरी आला तेव्हा मी भाकरी करत होते. मी काही बोलले नाही. तोही बोलला नाही. जेवला, ताट घासून ठेवलं. महिनाभर आम्ही त्या दोन खोल्यांत असेच राहिलो. ऑगस्टात एक दिवस शाळेतून आले तर त्याची ट्रंक नव्हती.

मी तुला त्याच्यावर लक्ष ठेवायला सांगितलं ते काळजीपोटी, असं मी स्वतःला सांगत होते. काळजी होतीच. पण तू लिहिलंस की तो शॉट घेत नाही, ढिला आहे, तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा आलं, की चला, म्हणजे माझं चुकलं नव्हतं. पेपरातल्या त्या दोन ओळी मी तीनदा वाचल्या. स्वतःच्या हातानं वाढवलेलं पोर परगावात हरून राहिलंय, आणि मी इथं बसून सुटकेचा श्वास सोडते. मी अशी कधी झाले?

शाळा सुटल्यावर हल्ली घरी लवकर जावंसं वाटत नाही. बॉल मोजून कपाटात ठेवते, कुलूप लावते, पुन्हा उघडून मोजते.

तुला काय वाटायचं ते वाटो. पण लिही.

शिवकन्या


लातूर
१६ जानेवारी १९८३

शिवकन्या,

संक्रांतीचा तिळगूळ सोबत आहे. पोचेपर्यंत चुरा होईल.

तुझं पत्र आल्यावर पंधरा दिवस मी गच्चीवर गेले नाही. टाकी उमादेवीनं बघितली. तू माझ्या शब्दांवर त्या मुलाचा निकाल लावलास, आणि माझे शब्द किती खरे होते ते मलाच माहीत होतं. तूही एक लपवलंस, मीही लपवलं.

माझ्या गच्चीवरून मैदान अर्धंच दिसतं. पूर्वी सगळं दिसायचं. जिल्हा झाला तेव्हा नव्या कचेऱ्यांचं सामान ठेवायला मैदानाच्या कडेला पत्र्याची शेड उभी केली. तिच्यामागं पलीकडची रिंग गेली. मला अलीकडची तेवढी दिसते. पहिल्या पत्रात हे लिहायला हवं होतं. पण तू इतक्या वर्षांनी काही मागितलं होतंस. अर्धंच दिसतं म्हटलं असतं तर तू दुसऱ्या कुणाला विचारलं असतंस. आणि उस्मानाबादच्या मॅचचा दुसरा अर्धा भाग मी पाहिलेलाच नाही. नळ आला. लक्ष्मम्मांनी हाक मारली आणि मी पाणी भरायला खाली गेले. "तसाच खेळला" हे मी मनानं लिहिलं.

म्हणून गेल्या आठवड्यात मी मैदानावर गेले. हल्ली ते सकाळी सहाला सराव करतात. मालकांना म्हणाले, उमादेवीला खेळ दाखवून आणते. ते म्हणाले, "जा की, मी कधी अडवलंय?" खरंच, त्यांनी कधी अडवलं नव्हतं. मीच कधी विचारलं नव्हतं.

आता पूर्ण मैदानाचं लिहिते. तो ढिला नाही. बॉल पलीकडं गेला की बाकीची चौघं अर्ध्यावरच रेंगाळतात. परत जातो तो एकटा. समोरच्या सगळ्यांत उंच माणसाला तोच अडवतो, बोर्डावरून उडालेला बॉल तोच काढतो, पुढं तोच पाठवतो, आणि मग धावत येतो. म्हणून मला तो शेवटी दिसायचा. रेंगाळणारे मला आधी दिसायचे आणि मी त्यांना चपळ समजत होते.

शॉटचं मात्र खरं आहे. तो थांबतो. पण का थांबतो ते जवळून कळलं. बॉल हातात आला की मान डावीकडं वळवतो, मैदानाच्या बाहेर. तिथं कुणीच नसतं. तेवढ्यात वेळ जातो.

सराव संपल्यावर तो खांबाशी बसला तेव्हा मी जवळ गेले. म्हणाले, "मी जगदेवी. तुझ्या अक्काबरोबर खेळायची." तो उठून उभा राहिला, पायाला हात लावला. म्हणाला, "मावशी, तुमी इथंच राहता?" मी गच्ची दाखवली. शिवकन्या, मला त्याच्याशी खोटं बोलवेना. सांगितलं, मी तुझ्या खेळाबद्दल तिला लिहिते.

तो परत बसला आणि नाडी सोडायला लागला. म्हणाला, "काय लिव्हता?"

"जे दिसतं ते. तू बॉल आला की डावीकडं बघतोस."

"तिथं अक्का उभी ऱ्हायची. ती 'टाक' म्हणली की मी टाकायचो."

एवढंच बोलला. मग कचेरीची वेळ झाली म्हणून गेला.

तू म्हणालीस गोड लिहू नको. म्हणून हेही लिहिते. ज्या खोडीसाठी तू त्याला काढलंस, ती त्याला तुझ्याकडूनच लागली. बारा वर्षं त्याच्या प्रत्येक शॉटच्या आधी तू ओरडलीस. मला आठवतं, मॅचमध्ये तू मलाही 'टाक' म्हणायचीस. मी ऐकत नसे, म्हणून वाचले.

तो कसा खेळाडू आहे हे विचारशील तर सांगते. चांगला आहे. मोठा होईल असं मला वाटत नाही. परक्या गावात पहिल्या वर्षी कुणीही खेळेल तेवढाच खेळतोय, आणि त्याच्या वाट्याचं नसलेलं कामही करतोय.

जगदेवी


लातूर
३० जानेवारी १९८३

अक्का,

तुझी दोन्ही पत्रं मिळाली होती. फोडली नव्हती. काल फोडली. दोन्हीत तू स्वेटरचं लिहिलंस. स्वेटर हाय माझ्याकडं.

मावशी तुला माझ्याबद्दल लिहितात ते कळलं. आधी लई राग आला. तू मला संघातून काढलंस, मग मी दुसऱ्या जिल्ह्यात आलो तर तिथंही तुझा माणूस गच्चीवर. दोन दिवस सरावाला गेलो न्हाई. मग वाटलं, निदान विचारत तरी होतीस.

२० फेब्रुवारीला आमची नांदेडला मॅच हाय, तुमच्याच संघाशी. तू समितीच्या टेबलावर बसणार असशील. माझं एक ऐक. बसू नको. मॅचला ये, पण बाजूला उभी राहू नको. बोर्डाच्या मागं बस, मला दिसणार न्हाईस अशी. आणि काही बोलू नको. मी चुकलो तरी.

खानावळीतलं जेवण ठीक हाय. इथं कुणाशी फार बोलणं होत न्हाई. पण मावशी आता रोज सकाळी येतात. उमादेवीला बॉल धरायला शिकवून राहिल्यात. परवा त्यांनी स्वतः एक शॉट मारला, रिंगला लागून परत आला. रामकिशन हसला, तर मावशींनी त्याच्याकडंच बॉल फेकला आणि म्हणाल्या, "तू कधी परत पळतोस ते सांग आधी." तो गप झाला.

नरसिंग


नांदेड
२३ फेब्रुवारी १९८३

जगदेवी,

मॅच झाली. सगळं सविस्तर लिहिते, कारण हे ऐकणारं माझ्याकडं दुसरं कुणी नाही.

समितीच्या सेक्रेटरींना मी आधीच सांगून टाकलं, की टेबलावर बसणार नाही, माझा भाऊ खेळतोय. ते म्हणाले, "अहो बाई, तो तर लातूरकडून खेळतोय. मग काय अडचण?" मी म्हणाले, अडचण आहे, आणि समितीचाही राजीनामा दिला. सोपं नव्हतं. एवढी एकच खुर्ची होती, जिथं लोक मला 'खेळाच्या बाई' सोडून आणखी काही म्हणायचे.

बोर्डाच्या मागं माझ्या शाळेच्या मुली बसल्या होत्या, त्यांच्यात जाऊन बसले. पहिल्या अर्ध्या खेळात लातूरचा हल्ला आमच्याच बाजूला होता, त्यामुळं तो मला समोरून दिसत होता. बारा वर्षांत मी त्याला समोरून खेळताना पाहिलंच नव्हतं. नेहमी बाजूनं.

पहिला बॉल त्याच्या हातात आला. मान डावीकडं वळली. तिथं मी नव्हते. त्यानं पास देऊन टाकला. दुसऱ्यांदा आला, मान वळली, परत समोर आली आणि त्यानं शॉट घेतला. रिंगला लागून बाहेर. आपले नांदेडचे लोक ओरडले, "लातूरकर, घरी जा." जगदेवी, हा त्याचा गाव आहे. तिसराही चुकला. रामकिशन काहीतरी चिडून बोलला. चौथ्यांदा बॉल त्याच्याकडं आला तेव्हा माझ्या घशाशी 'टाक' आलं होतं. मी पदर तोंडात धरला. त्यानं मान वळवलीच नाही. शॉट घेतला आणि तो गेला.

नंतर आणखी चुकले, काही गेले. मी मोजले नाहीत. नऊ गुण झाले असं मुली सांगत होत्या. दुसऱ्या अर्ध्यात आमच्या उंच मुलाला अडवताना त्याचे पाच फाउल झाले आणि तो बाहेर बसला. शेवटची सात मिनिटं डोक्यावर टॉवेल घेऊन बसला होता. लातूर चौदा गुणांनी हरलं.

मुली गेल्या, लोक गेले. मी तिथंच बसून राहिले. तो आपणहून आला. माझ्या शेजारी एक माणसाची जागा सोडून बसला.

"अक्का, एक विचारू? ती यादी बरोबर होती का?"

मी उत्तर तयार ठेवलं होतं. सात महिने तेच घोकत होते. पण त्याच्याकडं बघितल्यावर ते निघेना. मी म्हणाले, "मला माहीत न्हाई, नरसिंग. तू माझा भाऊ नसतास तर मी तुला घेतलं असतं का नसतं, ते मला आजही सांगता येत न्हाई. लोक म्हणतील बहिणीनं भावाला घुसवलं, एवढंच तेव्हा डोक्यात होतं. ज्याला हे सांगता येत न्हाई त्यानं त्या समितीत बसायलाच नको होतं."

तो म्हणाला, "एवढं त्या दिवशी म्हणली असतीस तर मी गेलो नसतो."

"म्हणायला पाहिजे होतं."

"हाव." टॉवेल खांद्यावर टाकत म्हणाला, "पण गेलो ते बरं झालं. इथं असतो तर अजून डावीकडंच बघत बसलो असतो."

मी जेवायला घरी चल म्हणाले. सकाळीच सगळं करून ठेवलं होतं, ज्वारीच्या भाकरी, शेंगदाण्याची चटणी, वांगं. तो म्हणाला, बस साडेपाचला आहे, सगळे थांबलेत. मी आग्रह केला नाही. जाताना त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला, लहान मुलीच्या ठेवावा तसा, आणि गेला. वांगं मी शेजारच्या सुमनबाईंकडं दिलं.

घरी आल्यावर रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. दोन खोल्या नेहमीपेक्षा मोठ्या वाटल्या, एवढंच.

आज त्याचं कार्ड आलं. सुखरूप पोचलो. खाली खोलीचा पत्ता, ठळक अक्षरांत. आणि एक ओळ, 'आता पत्र सरळ इथं टाक. मी उत्तर देईन, उशिरा देईन.'

म्हणून त्याच्याबद्दल तू मला आता लिहायची गरज नाही. तरी तुझी पत्रं थांबवू नकोस. आजवर मी तुला एकदाही विचारलं नाही, ते आता विचारते. तू कशी आहेस?

शिवकन्या


लातूर
१४ मार्च १९८३

शिवकन्या,

तुझ्या शेवटच्या प्रश्नापाशी तीन वेळा कागद घेऊन बसले आणि तीन वेळा उठले. कुणी विचारलं की 'बरी आहे' म्हणायची सवय आहे. त्यापुढं काय लिहितात ते माहीत नाही.

आधी त्याचं शेवटचं सांगते, मग नाही सांगणार. पुढच्या वर्षीचा संघ परवा ठरला. नरसिंगचं नाव आहे. बारा जणांत नववं. मला कुणी विचारलं नाही, पण विचारलं असतं तर मीही त्याला नववीच जागा दिली असती. त्यानं यादी वाचली, मान हलवली आणि पाण्याची बाटली उचलून मैदानात गेला. आता सराव संपला की रामकिशन आणि तो एकाच सायकलवर जातात. पोरं अजून 'फोटो' म्हणतात. तो हसतो.

आता माझं. नळ आता आठव्या दिवशी येतो. टाकी बघायला गच्चीवर जायचं कारण उरलं नाही, कारण टाकीत बघण्यासारखं काही नसतं. सकाळी सहाला मैदानावर जाते. उमादेवीचं नाव सांगून जात होते, पण ती दहा दिवसांत कंटाळली. आता झोपून राहते. तरी मी जाते. पहिल्या दिवशी एकटी निघाले तेव्हा लक्ष्मम्मा दारात बसल्या होत्या. म्हणाल्या, "पोरगी तर झोपलीय. मग तू कुठं निघालीस?"

मी म्हणाले, "मला खेळायचं असतं, अव्वा."

त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि पाय आत घेतले, मला जायला वाट होईल एवढे.

घरात माणसं भरपूर आहेत. पण सोळा वर्षांत मी एवढं कुणाशी बोलले नव्हते, जेवढं तुला या सहा महिन्यांत लिहिलं, आणि त्यातलंही निम्मं खोटं होतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळा बंद असेल. तू चार दिवस इकडं ये. आंघोळीला पाणी मिळणार नाही, ते आधीच सांगते. बॉल मात्र आहे.

जगदेवी